विमान नवं, हात जुने

आलेलं पत्र असं:

«सर, मी मूळची सांगलीची, गेलं दीड वर्ष अ‍ॅरिझोनात आहे. कमर्शिअल लायसन्स झालं. एकूण २१० तास झाले आणि ते जवळजवळ सगळे सेसना १७२ वरचे, तेही मोठे पडदे असलेल्या नव्या कॉकपिटमधले. अजून तास हवेत आणि पैसे संपत आलेत. इथल्या एका मराठी काकांकडे १९६६ सालचं पायपर चेरोकी १४० आहे. ते म्हणतात, 'पेट्रोल तुझं, विमान माझं. माझ्याबरोबर तीन लँडिंग कर आणि खुशाल घेऊन जा.' याला कायद्याने वेगळी सही लागत नाही, ते मी तपासलंय. पुढच्या महिन्यात, मे महिन्यात, आईबाबा पहिल्यांदा इकडे येतायत. त्यांना यातूनच फिरवायचं मनात आहे. माझी इन्स्ट्रक्टर म्हणते घाई करू नकोस, पण तिने स्वतः चेरोकी उडवलेलं नाही, त्यामुळे नेमकं काय शिकू ते सांगत नाही. चाकं आत न जाणारं, एका इंजिनाचं, साधं विमान. एवढं काय वेगळं असणार? कॉकपिटचे फोटो जोडतेय. — वैदेही (नाव बदललं आहे)»

प्रिय वैदेही,

फोटो पाठवलेस हे फार बरं केलंस. पत्र वाचून मी दोन ओळींत उत्तर देणार होतो. फोटो पाहिले आणि चहा गार झाला.

आधी कायद्याचं उरकू. तू म्हणतेस ते खरं आहे. अमेरिकेत २०० हॉर्सपॉवरपेक्षा जास्त ताकदीचं इंजिन असेल, किंवा चाकं आत घेता येणारं आणि पंख्याच्या पात्याचा कोन बदलता येणारं विमान असेल, किंवा शेपटीखाली चाक असेल, तर इन्स्ट्रक्टरची वेगळी सही लागते. दीडशे हॉर्सपॉवरचं, स्थिर चाकांचं चेरोकी यात कुठेच बसत नाही. प्रवासी न्यायला ९० दिवसांत तीन टेकऑफ, तीन लँडिंग झालेली हवीत, आणि १७२ वरची त्याला चालतात. आपल्याकडे लायसन्सवर विमानाच्या जातीचं नाव चढवून घ्यावं लागतं, तिकडे या वर्गात तेही नाही. थोडक्यात, कायदा तुला अडवणार नाही. विमा मात्र अडवेल. काकांच्या पॉलिसीत हे विमान कोणी उडवलं तर चालेल याचं एक कलम असणार: नावं तरी असतील, नाहीतर अमुक इतके तास हवेत अशी अट असेल. ते कलम काकांच्या तोंडून ऐकू नकोस, स्वतःच्या डोळ्यांनी वाच. मराठी माणूस मराठी माणसाला कागद दाखव म्हणायला लाजतो. तू लाजू नकोस.

आता तुझा खरा प्रश्न: एवढं काय वेगळं असणार?

माझ्या थोरल्या भावाकडे जुनी बुलेट होती. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. ती पंधरा वर्षं चालवल्यावर त्याने नवी जपानी बनावटीची मोटारसायकल घेतली, जिचं सगळं उलट. पहिले आठ दिवस तो एकदाही चुकला नाही, कारण आठही दिवस तो जपून चालवत होता. नवव्या दिवशी समोर कुत्रं आलं. त्याने सर्व ताकदीनिशी डावा पाय दाबला. तिथे आता गिअर होता.

तुझ्या पत्राचं उत्तर त्या नवव्या दिवसात आहे. नव्या विमानातलं जे आपल्याला माहीत नसतं त्याला आपण भितो, त्यामुळे ते शिकतोच. खरा घात करतं ते हातांना आधीपासून पाठ असलेलं. निवांत असताना हात डोक्याचं ऐकतात. इंजिन खोकलं, कोणी रेडिओवर ओरडलं, मागून आईने काही विचारलं, की हात जुन्या घरी जातात. तीन लँडिंगमध्ये कुत्रं आडवं येत नाही.

हे फक्त नवशिक्यांचं होतं असं समजू नकोस. गायक जॉन डेन्व्हर २,७०० हून जास्त तास उडवलेला वैमानिक होता. त्याने लाँग-ईझी हे घरी बांधायच्या जातीचं छोटं विमान सेकंडहँड घेतलं. आदल्या दिवशी अर्ध्या तासाच्या आसपासची ओळख झाली, आणि १२ ऑक्टोबर १९९७ ला तो कॅलिफोर्नियात माँटेरेहून एकटा उडाला. मूळ आराखड्यात पेट्रोलची टाकी बदलायचा कॉक वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये होता. ज्याने हे विमान बांधलं त्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेऊन ठेवला होता. त्यावर खुणाही नव्हत्या. हात पोचत नाही म्हणून निघण्यापूर्वी कॉकला लॉक होणारी पकड लावून पाहिली गेली, तरी जमेना. पेट्रोल भरून देऊ का, असं विचारलं तर तो नको म्हणाला. मग हवेत टाकी बदलायची वेळ आली. उजवा हात डाव्या खांद्यामागे न्यायचा तर विमान वळवायची कांडी सोडून सगळं अंग वळवावं लागतं, आणि अंग वळवताना उजवा पाय आपोआप ताणला जातो. तो उजव्या रडरवर (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पेडलवर) दाबला गेला असावा, असं चौकशी करणाऱ्यांचं मत पडलं. विमान समुद्रात गेलं. अहवालात हातभार लावणाऱ्या कारणांत नव्या विमानाचं अपुरं शिक्षण हेही स्पष्ट लिहिलेलं आहे. २,७०० तासांत त्या माणसाने शेकडो वेळा टाकी बदलली असेल. फक्त इथे नाही.

म्हणून पेट्रोलपासूनच सुरुवात करू. तुझ्या चेरोकीत मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

१७२ मध्ये तू कॉक «बोथ» वर ठेवतेस आणि विसरतेस. दोन्ही टाक्यांतून पेट्रोल आपलं आपण उतरत राहतं, कारण पंख डोक्यावर आणि इंजिन खाली. चेरोकीत «बोथ» नाहीच. डावी, उजवी किंवा बंद. तुझ्या दुसऱ्या फोटोत डाव्या भिंतीला, गुडघ्याच्या खालच्या बाजूला जी खुंटी दिसते, तीच ती. म्हणजे टाकी बदलायची हे तुला घड्याळाकडे पाहून लक्षात ठेवायला लागणार. विसरलीस तर एक टाकी भरलेली असताना दुसरी कोरडी होऊन इंजिन बंद पडेल. त्या क्षणी दोनशे तासांचे तुझे हात काय करतील सांगू? थ्रॉटल (इंजिनाची ताकद) पुढे-मागे करतील, मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण) ढकलतील, उतरायला शेत शोधतील. गुडघ्यापाशी जाणार नाहीत, कारण १७२ ने त्यांना तिथे कधी पाठवलंच नाही.

शिवाय टाक्या इंजिनाच्या खाली, त्यामुळे पेट्रोल वर ओढायला लागतं. इंजिनावरचा पंप ते काम करतो आणि तो दगा देईल तेव्हासाठी विजेचा पंप असतो. टेकऑफला, लँडिंगला आणि टाकी बदलताना तो चालू हवा. क्रम असा अंगवळणी पाड: पंप चालू, कॉक दुसऱ्या टाकीवर, खुंटी खाचेत बसली का ते बोटाला कळू दे, प्रेशरच्या काट्याकडे बघ, थोडं थांब, पंप बंद, काटा जागेवर आहे ना बघ. दर अर्ध्या तासाने. ज्या टाकीवर रनअप (उडण्याआधीची इंजिनाची चाचणी) केलास त्याच टाकीवर उड. धावपट्टीच्या तोंडाशी उभं राहून टाकी बदलायची नाही. नव्या टाकीच्या नळीत काही अडकलेलं असलं तर ते धावपट्टी संपता संपता कळतं, तेव्हा उपयोग नसतो.

आता पाय. फोटोत पेडलच्या वरच्या भागाला ब्रेकचा तुकडा दिसत नाही. पॅनेलखाली मधोमध एक दांडा दिसतो, गाडीच्या हँडब्रेकसारखा. या वयाच्या बऱ्याच चेरोकींना पायाचे ब्रेक नसतात, तो दांडाच ब्रेक. दोन्ही चाकांना एकदमच लागतो, त्यामुळे एक चाक धरून जागच्या जागी वळायचं विसर. पहिल्या दिवशी तू हँगरसमोर पंजे दाबशील आणि विमान निवांत पुढे जात राहील. मला हसू येतंय, पण समोर दुसऱ्या कोणाचं विमान उभं असेल तर काकांना येणार नाही. आणखी एक. १७२ मध्ये पेडल आणि पुढचं चाक यांच्यामध्ये स्प्रिंग असते. इथे जोड थेट आहे. क्रॉसविंडमध्ये, म्हणजे आडव्या वाऱ्यात, रडर दाबून धरलेलं असताना पुढचं चाक टेकवलंस तर ते वळलेलंच टेकेल आणि विमान झटका देईल. मागची चाकं टेकल्यावर पुढचं हळूच खाली येऊ दे आणि टेकायच्या आधी पेडल मधोमध आण.

छतावर जो कपाटाच्या मुठीसारखा हँडल दिसतो तो ट्रिम आहे, हाताने जोर न लावता नाक हवं तिथे धरून ठेवणारा. हो, छतावर. मांडीजवळचं चाक वर-खाली फिरवायची सवय तुझ्या हाताला आहे. छतावरचा हँडल कुठल्या बाजूला फिरवला की नाक खाली जातं, हे जमिनीवर बसून इतक्या वेळा करून बघ की विचार करावा लागू नये. गो-अराउंड करताना, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाताना, इंजिन पूर्ण ताकदीवर, नाक वर झेपावतंय आणि हात छताला चाचपडतोय, उलट्या दिशेने फिरवतोय, हे चित्र मी शेजारच्या सीटवरून पाहिलेलं आहे. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेला खाली येणाऱ्या झडपा) मात्र मजेदार: दोन सीटच्या मध्ये लांब दांडा, तोही हँडब्रेकसारखाच, तीन खाचांचा. विजेची वाट बघायला नको, ओढला की आला. पण तो तितक्याच पटकन खालीही जातो. गो-अराउंडला दांडा एका दमात सोडलास तर विमान पायाखालची फळी काढल्यासारखं बसतं. खाच-खाच करत सोडायचा.

आणि आता तो गोल वेगमापक. तुझ्या लक्षात आलं नसेल, त्यावर ताशी मैल आहेत. तुझ्या डोक्यात उतरण्याच्या शेवटच्या टप्प्याचा आकडा ६५ ठाण मांडून बसलाय, तो नॉटचा, म्हणजे ताशी सागरी मैलांचा. या डायलवरचे ६५ म्हणजे जेमतेम ५६ नॉट, आणि भरलेलं चेरोकी त्या वेगाला स्टॉलच्या, म्हणजे पंखांनी विमान उचलून धरणं सोडण्याच्या, उंबरठ्यावर असतं. म्हणजे आपण अगदी नियमाप्रमाणे, बरोबर आकड्यावर उडतोय या समाधानात तू कड्याच्या टोकावर उभी असशील. बरं, सेसनाची ती पिपाणी तरी वाजली असती. या सालातल्या चेरोकींत स्टॉलची सूचना पॅनेलवरचा लाल दिवा देतो. अ‍ॅरिझोनाच्या उन्हात लाल दिवा! त्या विमानाच्या स्वतःच्या पुस्तिकेतले वेग, मैलांतच, मोठ्या अक्षरात एका कार्डावर लिहून मांडीवर बांध. मनातल्या मनात नॉट करू नकोस. दोन भाषा एकत्र बोलायला गेलं की तोतरं होतं.

स्टॉलही वेगळा आहे. १७२ नाक टाकून सांगते की मी थकले. जुन्या आखूड, सरळ कडांच्या पंखांचं चेरोकी तसं सांगत नाही. नाक थोडं वरखाली डुलतं, कंट्रोल मऊ लागतात आणि विमान भसाभस खाली जात असतं. नाक अजून क्षितिजावर असल्यामुळे माणसाला वाटतं, चाललंय. इंजिनाची ताकद पूर्ण काढली की ते १७२ सारखं तरंगत येत नाही. उंचीवर जा, ताकद काढ आणि मिनिटाला किती फूट पडतंय ते काट्यावर बघ. तुझ्या नेहमीच्या सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेरीत), नेहमीच्या जागी इंजिन गेलं तर धावपट्टी गाठता येईल का, याचं उत्तर त्या काट्यात आहे.

उरलेलं पटापट. तुझं १७२ इंजेक्शनवालं, म्हणून कार्ब्युरेटर हीट (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाला गरम हवा देणारी कळ) तू कधी ओढलेली नसणार. इथे आहे, पुस्तिकेत केव्हा वापरायची ते वाच, आणि हवा गरम आहे म्हणून बर्फ होणार नाही असं मानू नकोस. हवा दमट असली तर विशीतल्या तापमानातही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. इंजिन सुरू करायची रीत वेगळी आहे. दिशादर्शक डायल पडद्यासारखा स्वतःला दुरुस्त करत नाही, पंधरा मिनिटांनी होकायंत्राशी जुळवून घ्यावा लागतो.

दाराकडे मात्र नीट लक्ष दे. दार एकच, उजव्या पंखावर. आधी तू आत जाणार, मग बाकीचे. म्हणजे गडबड झालीच तर तुझ्या बाहेर पडण्याच्या वाटेवर उजव्या सीटवरचा माणूस बसलेला असेल. दाराला कड्या दोन, एक बाजूला आणि एक वर. वरची लावायची राहते, आणि मग टेकऑफला दार दोन बोटं उघडतं, वाऱ्याचा भयंकर आवाज होतो. विमान तरीही उडतं. दार उघडून मेलेले लोक दारामुळे मेले नाहीत, दाराकडे वळून ते लावायच्या नादात विमान सोडून दिल्यामुळे मेले. सर्किट पूर्ण करून उतर, मग लाव.

तू पुढे एअरलाइनला जाणार असं धरून चालतो, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. १४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-३२० बंगळूरला धावपट्टीच्या अलीकडेच, गोल्फच्या मैदानावर टेकलं. १४६ जणांपैकी ९२ गेले. हे विमान आपल्याकडे येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पुढे बसलेल्या दोघांच्या खात्यावर हजारो तास होते, या जातीवरचे मात्र त्या मानाने नगण्य. त्यातल्या एकाची तर डाव्या सीटसाठी चाचणीच चालली होती. उतरताना विमान ज्या मोडमध्ये होतं त्यात इंजिनं आयडलवरच, म्हणजे किमान ताकदीवर, राहतात. वेग घसरत गेला आणि ते वेळेत कोणाच्या ध्यानात आलं नाही. जुन्या विमानांवर ताकद वाढवायची ती हाताने, लीव्हर ढकलून, म्हणजे इंजिन काय करतंय ते तळहाताला कळत असे. ए-३२० मध्ये संगणक ताकद कमीजास्त करतो तेव्हा लीव्हर जागचे हलत नाहीत. त्या अपघातावर पुष्कळ वाद झाले, विमानाचा दोष की माणसांचा. मी त्या काळात लोकांना शिकवत होतो आणि माझं मत तेव्हाही हेच होतं: तळहाताला जे आपोआप कळायचं ते आता डोळ्यांनी मुद्दाम बघावं लागणार, हे पुरेसं बिंबवलं गेलं नाही.

कधी कधी दोष खरंच विमान बनवणाऱ्याचा असतो. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ ची चाकं आणि फ्लॅप यांची बटणं शेजारी शेजारी आणि सारखीच होती. उतरल्यावर फ्लॅप घ्यायला जाऊन वैमानिक चाकंच आत घेत. अल्फान्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने चाकांच्या कळीला चाकाचा आणि फ्लॅपच्या कळीला फ्लॅपचा आकार द्यायला लावला. आजही विमानांत चाकांच्या लीव्हरला गोल चाकासारखी मूठ असते ती त्यामुळे. तरीही बीचक्राफ्टच्या जुन्या बोनान्झात या दोन कळांच्या जागा इतर विमानांच्या उलट राहिल्या, आणि धावपट्टीवर उतरून, सगळं संपल्यावर, पोटावर बसलेली बोनान्झा ही ओळखीची गोष्ट होऊन गेली. पुढेमागे तुला कोणी बोनान्झा देऊ केली तर हे आठव. जमिनीवर उतरल्यावर विमान पूर्ण थांबून धावपट्टीबाहेर येईपर्यंत कुठल्याच कळीला हात लावायचा नाही, ही सवय आत्ता १७२ वरच लावून घे.

माझीही फजिती सांगतो. हडपसरला ग्लायडिंग शिकून मी एका फ्लाइंग क्लबात पुष्पकवर गेलो. पुष्पक म्हणजे एचएएलचं दोन सीटचं, कापडाच्या अंगाचं, नव्वद हॉर्सपॉवरचं, शेपटीला चाक असलेलं गोजिरं विमान. आपल्या एका पिढीने त्यावरच हात बसवला. ग्लायडर टेकलं की थांबतंच, सगळं संपलं अशी माझ्या अंगाला सवय. तिसऱ्या की चौथ्या सोलोला सुरेख तीन चाकांवर उतरलो, वेग मेला, आणि कडेला उभ्या असलेल्या मित्राला मी हात केला. शेपटीच्या चाकाच्या विमानाचं वजन मुख्य चाकांच्या मागे असतं. एकदा ते तिरकं व्हायला लागलं की मागचं वजन त्याला अजून फिरवतं. माझा हात खाली यायच्या आत मी आलो त्या दिशेला तोंड करून उभा होतो. पंखाचं टोक घासलं, बाकी काही नाही. इन्स्ट्रक्टर शांतपणे चालत आले आणि म्हणाले, «मित्राला जेवायला बोलव, हात काय करतोस.»

तर तू काय करायचंस.

एक संध्याकाळ काकांकडून किल्ली माग, विमान बांधलेलंच राहू दे. पुस्तिका घेऊन डाव्या सीटवर तासभर बस. मग डोळ्यांवर ओढणी बांध आणि काकांना नावं घ्यायला सांग: टाकी, पंप, ट्रिम, ब्रेक, फ्लॅप, मिक्श्चर, कार्ब हीट, दाराची वरची कडी. न चाचपडता हात तिथे गेला पाहिजे. आंधळी कोशिंबीर वाटेल, काका हसतील, हसू देत. त्यानंतर इंजिन बंद पडलं असं समजून तेच कर, तोंडाने मोठ्याने बोलत. हे इतकं कर की गुडघ्यापाशी हात आपोआप गेला पाहिजे. व्हिडिओ बघून हे होत नाही. व्हिडिओ डोळ्यांना शिकवतो, आणि तुझे डोळे तसेही हुशारच आहेत.

मग असा इन्स्ट्रक्टर शोध ज्याचे याच जातीवर, शक्यतो याच वयाच्या चेरोकीवर, बरेच तास आहेत. तुझ्या इन्स्ट्रक्टरने मला माहीत नाही हे कबूल केलं, ती चांगली आहे, तिच्याशी नातं ठेव, पण यासाठी दुसरी व्यक्ती बघ. काका मालक आहेत, शिकवणारे नाहीत. आपलं विमान आपल्याला सोपंच वाटतं, त्यामुळे काय अवघड आहे ते त्यांना आता आठवणार नाही. पहिला दिवस धावपट्टीवर घालवू नका. जमिनीपासून तीनेक हजार फूट वर जा आणि मंद उड्डाण, स्टॉल, फ्लॅपसहित आणि फ्लॅपविना, ताकद काढून घसरण, हवेतच खोटी धावपट्टी मानून गो-अराउंड, दोन-तीनदा टाकी बदल, हे सगळं कर. सर्किट दुसऱ्या दिवशी. त्यात एक बिनफ्लॅपचं लँडिंग आणि क्रॉसविंड हवंच. इन्स्ट्रक्टरला सांग, मी बोलत असताना मध्येच काहीतरी विचारून माझं लक्ष उडव. तोच तुझा कुत्रं आडवं येण्याचा सराव. किती तास लागतील? माझ्या अंदाजाने पाच तरी. त्यानंतर दहाएक तास एकटीने. आकडा माझा आहे, कायद्याचा नाही.

अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने अनोळखी विमानांकडे वळणाऱ्यांसाठी २०१५ मध्ये एक मार्गदर्शक पत्रक काढलंय, क्रमांक ९०-१०९ए. फुकट मिळतं. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे ते विमानांना नावाने नाही, स्वभावाने ओळखायला शिकवतं. हलकी आणि हवेला अडणारी विमानं इंजिन गेलं की क्षणात वेग गमावतात, जड आणि गुळगुळीत विमानं वेग कमीच करत नाहीत, काहींचे कंट्रोल बोट लावलं की दचकतात. पुढचं कोणतंही विमान समोर आलं की आधी हा प्रश्न विचारता येईल: हे माझ्या ओळखीच्यांपैकी कोणासारखं वागतं, आणि कुठे वागत नाही?

राहता राहिले आईबाबा.

मे महिन्यात अ‍ॅरिझोनात दुपारी चाळीस अंश सहज होतं. दीड हजार फुटांवरच्या धावपट्टीवर चाळीस अंशाला विमानाला ती जागा पाच हजार फुटांच्या आसपास असल्यासारखी वाटते. दीडशे हॉर्सपॉवर, तीन माणसं, भेटीच्या पिशव्या आणि ५० गॅलन पेट्रोल, ज्याचं वजनच तीनशे पौंड. चेरोकी १४० ला मागे सीट आहे म्हणून ते चार माणसांचं विमान होत नाही. कमाल वजन २,१५० पौंड. त्यातून त्या विमानाच्या स्वतःच्या कागदावरचं रिकामं वजन वजा कर, साठ वर्षांत काय काय बसवलंय ते त्यातच कळेल. मग बाबांचं खरं वजन विचार, आईचंही. आई दोन किलो कमी सांगेल.

पण गणित जमलं तरी माझं उत्तर नाहीच आहे. नवं विमान, नवी गरम हवा आणि आयुष्यात पहिल्यांदा लेकीशेजारी बसलेले आईबाबा, या तीन नव्या गोष्टी एका दिवशी नकोत. त्यांना १७२ मधूनच ने. तासाभराचं भाडं पडेल, पडू दे, महिनाभर बाहेरचं खाऊ नकोस. सकाळी सहाच्या सुमाराला निघा, ऊन चढून हवा उसळायच्या आत परत या. नंतर काकांच्या हँगरवर जाऊन चेरोकीपाशी फोटो काढा, त्याला वजन लागत नाही. विमानात बाबांना पुढे बसव, आईला मागे, आणि आईच्या हातात उलटीची पिशवी विचारून देऊ नकोस, आधीच देऊन ठेव.